कंदील रिकामा होता

बाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपत्रकात होतं आणि ते तिथेच राहिलं. मुलांच्या तोंडी त्यांचं नाव ठसका. जिन्यावर त्यांच्या चपला वाजल्या की दाराजवळच्या बाकावरून हलक्या आवाजात "ठसका आला" अशी बातमी निघायची, आणि चाळीस डोकी एकदम वह्यांत शिरायची. हे नाव बाईंना ठाऊक होतं. मनातून ते त्यांना आवडायचंसुद्धा, पण मरेपर्यंत त्यांनी तसं कबूल केलं नसतं.

राग त्यांच्या नाकावर मुक्कामालाच असे. खडू ओला निघाला की राग, चहा कोमट आला की राग. कुणी "बाई, किती ओळी लिहायच्या?" असं विचारलं की राग, आणि कुणी काहीच विचारलं नाही तर त्याहून जास्त. तेवीस वर्षं त्या नववीला भाषा शिकवत होत्या. तरीही पालक आपलं मूल त्यांच्याच तुकडीत पडावं म्हणून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ताटकळत उभे राहत, कारण एकच, बाईंच्या नोट्स. बाई धडा शिकवायच्या कमी आणि सांगायच्या जास्त. प्रश्न सांगायच्या, उत्तर सांगायच्या, स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे तेही सांगायच्या. मुलं लिहायची. आठवड्याच्या शेवटी वह्या गोळा व्हायच्या आणि प्रत्येक उत्तराखाली लाल शाईत "तपासले", सही, तारीख. मग परीक्षेत तेच उत्तर जसंच्या तसं उतरवलं की पूर्ण गुण. एखाद्याने स्वतःच्या डोक्याने दोन ओळी लिहिल्या तर बाई समासात लिहायच्या, "हे कुठून आणलेस?"

अशा बाई दरवर्षी मुलांना शंका घ्यायला शिकवायच्या. पुस्तकातला सातवा धडा तसाच होता.

सातवा धडा म्हणजे एक छोटं नाटक. धान्याचं एक गोदाम जळतं. आळ येतो रखवालदारावर, की त्यानेच आपल्या कंदिलातलं तेल पोत्यांवर ओतून काडी लावली. सात जणांची ज्यूरी एका खोलीत बसते आणि दहा मिनिटांत सातही जण "दोषी" म्हणून मोकळे होतात. निकाल कागदावर लिहून होतो, सह्या होतात. आता दार उघडायचं, तर बाहेरून कुलूप लावणारा पट्टेवाला जेवायला गेलेला. त्याची वाट बघत सात माणसं बसून राहतात. त्यातला एक पाव भाजणारा भट्टीवाला. टेबलावर पुराव्याच्या वस्तू मांडलेल्या असतात. तो बसल्या बसल्या चाळा म्हणून कंदील उचलतो आणि त्याला तो जड लागतो. झाकण काढून बघतो तर तेल काठोकाठ. तेल ओतलं म्हणता, मग हा भरलेला कसा? पुढची बारा पानं त्या कंदिलावर चालतात, आणि शेवटी सातही जण आपल्या सह्यांचा कागद फाडतात. रखवालदाराने आग लावली की नाही हे नाटक सांगत नाही. खात्री नसेल तर माणसाला दोषी म्हणायचं नाही, एवढंच सांगतं. धड्याखालच्या शब्दार्थांत लिहिलेलं होतं: "वाजवी शंका – विचारी माणसाला पटेल अशी शंका."

बाई हा धडा दोन तासांत उरकायच्या. पहिल्या तासाला प्रश्न एक ते चार, दुसऱ्या तासाला पाच ते नऊ. मुलांना कधी त्या खोलीत बसवलं नाही, कुणाला भट्टीवाला केलं नाही, "तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात?" असं एकदाही विचारलं नाही. वेळ कुठे होता?

कॉपी पकडण्यात बाईंचा हात धरणारा मात्र कुणी नव्हता. नव्या शिक्षकांना त्या आपलं सूत्र ऐकवायच्या. "बरोबर उत्तर दोघांचं सारखं असू शकतं, कारण बरोबर उत्तर एकच असतं. चूक ज्याची त्याची असते. दोघांची चूक शब्दाला शब्द जुळली, की समजायचं, एकाने दुसऱ्याच्या पेपरात डोकावलं." या सूत्रावर त्यांनी तेवीस वर्षांत अकरा जण पकडले होते आणि अकराही जणांनी कबूल केलं होतं. त्यात नवल काही नाही. बाईंसमोर उभं केलं असतं तर गोदामाच्या भिंतींनीही कबूल केलं असतं.

यंदा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना बाई घरी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. टेबलाच्या एका टोकाला त्यांचा गठ्ठा, दुसऱ्या टोकाला नवऱ्याची घड्याळं. नवरा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसणारा, आणि बाईंच्या वाट्याचं गप्प राहणंही स्वतःच करणारा माणूस. सतरा क्रमांकाच्या पेपरात बाईंना एक वाक्य दिसलं: "कंदील रिकामा होता, म्हणून भट्टीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली." बाईंनी फुली मारली. अठरावा पेपर उघडला. तेच वाक्य. स्वल्पविरामासकट.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रिकामा म्हणे. रिकामा असता तर शंका कशाला आली असती, सरळ फासावरच चढवला असता त्याला. ज्याने धडा उघडून पाहिलाय तो असलं लिहीलच कसं? एकीने काहीतरी ठोकून दिलं आणि दुसरीने डोळे मिटून उतरवलं."

नवऱ्याने भिंग न काढताच ऐकलं. "दोघींनी एकाच ठिकाणाहून घेतलं असेल."

"तेच म्हणतेय मी. एकमेकींकडून."

"तसं नव्हे गं. दोन घड्याळं सारखीच दहा मिनिटं मागे असली, तर ती काही एकमेकांकडे बघून मागे पडलेली नसतात. कुणीतरी दोन्ही एकाच चुकीच्या घड्याळावर लावलेली असतात."

"अहो, तुम्ही तुमचे काटे सांभाळा," बाई म्हणाल्या, आणि दोन्ही पेपर गठ्ठ्यातून वेगळे काढून ठेवले.

सतरावा आणि अठरावा क्रमांक म्हणजे एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मुली. पहिलीला वर्ग वकील म्हणायचा, कारण ती पाढ्यांशीसुद्धा वाद घालायची. दुसरी सावली. वकील जिथे जाईल तिथे ही मागे, वकील हसली की हसायची, आणि कुणी काही सांगितलं की आधी करायची आणि मग विचारात पडायची, तेही पडली तर. दोघींना जानेवारीत एकदमच कांजिण्या झाल्या होत्या. तीन आठवडे दोघी घरी. त्याच तीन आठवड्यांत सातवा धडा झाला होता. बाईंच्या स्वतःच्या हजेरीपत्रकात दोघींच्या नावापुढे अठरा अठरा लाल खुणा होत्या, बाईंनीच केलेल्या. एक पान उलटलं असतं तर दिसलं असतं. बाईंनी उलटलं नाही. सूत्र असताना पानं कशाला उलटायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघींना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. आधी सावलीला. ती दारातच रडू लागली होती.

"खरं सांगितलंस तर सौम्य शिक्षा होईल," बाई म्हणाल्या. "घे कागद. लिहून दे."

सावलीने नाक पुसलं, पेनाचं टोपण काढलं आणि वर पाहिलं. "काय लिहू, बाई?"

बाईंना तिचा आणखीच राग आला. साधं कबूल करायचं तर तेही सांगायला हवं. आणि त्यांनी सांगितलं, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत, वर्गात सांगायच्या तसंच. "मी वार्षिक परीक्षेत शेजारच्या मुलीच्या पेपरात पाहून प्रश्न पाचचे उत्तर लिहिले. पूर्णविराम. मला माझ्या कृत्याचा मनापासून पश्चात्ताप होत आहे. पूर्णविराम. खाली सही." सावलीने लिहिलं. अक्षर सुरेख होतं. चौदा वर्षांची पोर "माझ्या कृत्याचा" असं कधी म्हणते का, हा प्रश्न त्या खोलीतल्या आठ शिक्षकांपैकी एकालाही पडला नाही, आणि ते आठही जण पदवीधर होते.

वकीलने मात्र पेन हातात घेतलं नाही. "आम्ही कॉपी केली नाही. आम्ही आजारी होतो, म्हणून आईच्या वहीतून केलं. आई ह्याच शाळेत–"

"आईला मध्ये आणू नकोस."

"पण आईच्या वहीत तसंच आहे."

"वहीत असलं लिहून ठेवलं असेल," बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तर तुझी आई ढ होती."

मुलगी एकदम गप्प झाली. वाद घालणारं मूल गप्प झालं की शिक्षकांना वाटतं, जिंकलो. बाईंनाही तसंच वाटलं.

चौकशी समिती त्याच दुपारी बसली. मुख्याध्यापक, गणिताचे सर आणि बाई, असे तिघे. शाळेचा नियम सरळ होता. वार्षिक परीक्षेत कॉपी सिद्ध झाली तर निकाल रद्द आणि पुन्हा त्याच वर्गात. सावलीने लिहून दिलेलं असल्यामुळे तिला विषयापुरतं नापास करून फेरपरीक्षा, आणि वकील उद्धटपणे नाकारते म्हणून तिचं अख्खं वर्ष. मुख्याध्यापक सौम्य माणूस. त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि निर्णय कधी बदलत नसे. त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" गणिताचे सर पाचवीचा निकाल जुळवत होते, त्यांनी मान हलवली. सात मिनिटं लागली. नाटकातल्या ज्यूरीने निदान दहा तरी घेतली होती.

समिती बसल्यापासून तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, निकालपत्रकं चार वाजता शिक्षण खात्याकडे जायची होती. एकदा गेली की त्यात फेरफार नाही. दुपारी दीडला बाई डबा उघडून बसल्या होत्या, तेवढ्यात शिपाई कुणाला तरी अडवतो आहे असं ऐकू आलं, आणि त्याच्या हाताखालून एक बाई सरळ आत आली. गणवेशाच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर काम करणारी. बाहीवर पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली.

"मी त्या मुलीची आई," ती म्हणाली. "ढ."

कुणीतरी डब्याचं झाकण लावलं. बाई उठल्या. "हे बघा, समितीचा निर्णय झालेला आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर अर्ज–"

"अर्ज काल दिला. तुमच्या कारकुनाने त्यावर चहाचा कप ठेवला, मी बघितलं. परवाही आले होते, ही वही घेऊन. तुमची मीटिंग चालू होती, म्हणून फाटकातून परत पाठवलं." तिने पिशवीतून एक वही काढली. पुठ्ठा गेलेला, वर जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर. "तुम्हाला वाचायचं नसेल तर मी वाचते. मला येतं वाचता."

आणि तिने वाचलं. प्रश्न पाचवा. कंदील रिकामा होता, म्हणून भट्टीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आता खाली सही कुणाची आहे ते तुम्ही वाचा," ती म्हणाली, आणि वही डब्याशेजारी टेबलावर ठेवली.

बाईंनी पाहिलं. तपासले. सही. तारीख तेवीस वर्षांपूर्वीची. अक्षर तेव्हा जरा गोल होतं, पण सही तीच, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली ओढलेली. नोकरीचं पहिलं वर्ष होतं ते. वर्षाच्या मध्येच लागल्या होत्या, आधीच्या शिक्षिका सोडून गेलेल्या, अकरा दिवसांत आठ धडे संपवायचे होते. सातवा धडा त्यांनी वाचलाच नव्हता. वर्गात उभ्या उभ्या पानं चाळली, तेल ओतलं हे दिसलं, म्हणजे कंदील रिकामा, आणि सांगून टाकलं. पुढच्या वर्षी धडा नीट वाचला तेव्हा चूक कळली. त्यांनी गुपचूप नोट्स बदलल्या. आदल्या वर्षीच्या बेचाळीस मुलांना बोलावून "मी चुकले" म्हणावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. ती मुलं पुढे गेली होती, आणि सगळ्यांना त्या उत्तराचे पूर्ण गुण मिळालेले होते.

"मलाही दोनपैकी दोन मिळाले होते," आई म्हणाली, जणू बाई मोठ्याने बोलल्या होत्या. "माझ्या मुलीने धडा वाचला होता हो. ती मला म्हणाली, आई, पुस्तकात कंदील भरलेला आहे, वहीत रिकामा आहे, काय लिहू? मी काय सांगितलं माहीत आहे? बाईंची सही आहे ना, मग वहीतलंच लिही. बाईंच्या शब्दाबाहेर गेलीस तर मार्क जातील. तिच्या मैत्रिणीलाही तेच सांगितलं, दोघींना समोर बसवून पाठ करून घेतलं. रात्रंदिवस वाद घालणारी माझी पोर, तिला मी गप्प केलं. तुमच्या सहीपायी."

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. आलं ते एवढंच, "तुम्ही तेव्हा कुठल्या बाकावर बसायचात?"

"ते आता कशाला?" आई म्हणाली. "चार वाजता कागद जाणार आहेत."

बाई वही घेऊन निघाल्या. वऱ्हांड्यातून जाताना त्यांना सगळ्यांचा राग आला. त्या बाईचा, तिने तेवीस वर्षं वही जपली म्हणून. कांजिण्यांचा. नवऱ्याच्या घड्याळांचा. मुख्याध्यापकांच्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा राग काढायला दुसरं कुणी शिल्लक उरलं नव्हतं, आणि ते त्यांना इतकं असह्य झालं की त्यांनी दार न वाजवताच ढकललं.

"ती चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मुलींची नाही. हे बघा."

मुख्याध्यापकांनी वही पाहिली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, हे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. जुनी गोष्ट आहे."

"मनाला नाही, निकालाला लावून घ्या. दोघींची चूक या वहीतून आली. कॉपी झालेलीच नाही."

"झालेली नाही असं तरी कुठे सिद्ध होतंय? वही घरी वाचली असेल, आणि शिवाय कॉपीही केली असेल."

"ते त्यांनी सिद्ध करायचं नसतं!" बाईंचा आवाज पटांगणात ऐकू गेला. "आपण सिद्ध करायचं असतं. तेवीस वर्षं मी हेच सांगतेय, प्रश्न सातवा, चार गुण!"

"बाई, ते नाटक. ही शाळा." मुख्याध्यापकांचा आवाज नेहमीइतकाच मऊ होता. "आणि तुम्ही एक विसरताय. एका मुलीने लेखी कबुली दिली आहे."

"ती मी सांगितली तिला. शब्द न् शब्द."

"हेसुद्धा इतिवृत्तात लिहायचं का?"

"लिहा. ठळक लिहा."

मुख्याध्यापकांनी कपाळ चोळलं. शाळेचं नाव, खात्याचे प्रश्न, बाईंची निवृत्ती चार वर्षांवर, असं सगळं त्या कपाळावरून फिरून गेलं असावं. मग त्यांनी तोडगा काढला. मुलीने नवीन निवेदन लिहून द्यावं. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या शब्दांत. बाईंनी एक अक्षर सांगायचं नाही, गणिताचे सर समोर बसतील. साडेतीनच्या आत कागद आला तर समिती पुन्हा बसेल. नाही आला तर जे आहे ते जाईल.

शाळेतून दोन गल्ल्यांवर सावलीचं घर. शिपायाने तिला बोलावून आणलं तोवर तीनला दहा कमी होते. ग्रंथालयाच्या लांब टेबलाशी तिला बसवलं, पुढे कोरा कागद. गणिताचे सर खिडकीपाशी, बाई समोर. बाईंनी सांगितलं की वर्षाचा प्रश्न आहे, तुझ्या मैत्रिणीचा आणि तुझाही, जे झालं ते लिही, कुणाला घाबरू नकोस. सावलीने मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं, कागद सरळ केला. मग वर पाहिलं.

"सांगा, बाई."

"मी काही सांगणार नाही. तू लिही."

"हो. पण पहिलं वाक्य काय लिहू?"

"जे खरं आहे ते."

"मग खरं काय ते तुम्ही सांगा ना, बाई," सावली अगदी मदत करायच्या सुरात म्हणाली. "मी लगेच लिहिते."

बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. "मी कॉपी केलेली नाही, स्वल्पविराम." तेवीस वर्षांची सवय घशात येऊन बसली होती, तोंड उघडायचाच अवकाश. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी ओठ इतके घट्ट मिटले की जबडा दुखला. तीन वाजले. तीन वाजून दहा झाले. सावली कागदाकडे बघे, बाईंकडे बघे, बाईंच्या ओठांकडे बघे. एकदा तिने कागदावर समास आखला. एकदा तारीख घातली. त्या मुलीला गदागदा हलवावं असं बाईंना वाटलं. अगं, तुला डोकं आहे, वापर. आणि त्याच क्षणी त्यांना स्पष्ट कळलं की हे डोकं वर्षभर त्यांच्याच ताब्यात होतं, आणि ते कुणी परत मागू नये याची काळजी त्यांनी स्वतःच घेतली होती. त्यांना स्वतःची शिसारी आली. तीन वाजून वीस झाले, बावीस झाले. सरांनी घसा खाकरला, पण तेही काही बोलले नाहीत, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

तीन पंचविसाला सावलीने लिहायला सुरुवात केली. एकदम, भरभर, वर न बघता. तीन ओळी. सरांनी कागद उचलला आणि तिघं मुख्याध्यापकांच्या खोलीकडे गेली. सावलीला दाराबाहेर थांबवलं.

मुख्याध्यापकांनी मोठ्याने वाचलं. "मी कॉपी केली नाही. पहिल्यांदा बाईंनी सांगितलं ते लिहून दिलं होतं." ते थांबले. "ठीक. पण बाई, हेही तुम्हीच सांगितलं नसेल कशावरून? घरी निरोप पाठवून, आधीच?"

बाई उसळणार होत्या. पण त्याआधी गणिताचे सर बोलले. वर्षातून चार वाक्यं बोलणारे सर. "मी समोर होतो, पस्तीस मिनिटं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. पण तुमचंच खरं धरू. बाईंनी सांगितलेलं खोटं मानायचं, तर पहिलं निवेदनही बाईंनीच सांगितलेलं. दोन्ही धरा, नाहीतर दोन्ही सोडा. एक धरून एक सोडता येणार नाही." मग त्यांनी खिशातून पेन काढलं. "आणि परवा मी पाचवीचा निकाल करत होतो. ऐकलंच नव्हतं मी काही. माझी सही आधी खोडा."

मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं. चारला वीस कमी होते. खात्याला दुरुस्त पत्रक पाठवणं सोपं की एक सही कमी असलेलं पत्रक पाठवणं सोपं, हा हिशेब त्यांना जमत होता. ठराव खोडला गेला. कारकुनाने दोन्ही मुलींच्या नावापुढचे शेरे काढून गुण घातले. प्रश्न पाचला दोघींना शून्य, बाकीच्या गुणांवर दोघी पास. प्रश्न पाचला शून्य का, असं बाईंनी विचारलं नाही. त्या शून्यावर त्यांची सही आधीच होती आणि या वेळी ती बरोबर होती, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट त्यांना त्या क्षणी दुसरी सुचली नसती.

कागद टेबलावर पडून होता. मुख्याध्यापकांनी दोनच ओळी वाचल्या होत्या, त्यांचं काम तेवढ्यात झालं होतं. बाईंनी तिसरी वाचली. "आज बाई काहीच सांगत नाहीत म्हणून मला खूप भीती वाटते आहे."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग कागद घडी न घालता हातात धरून त्या बाहेर आल्या. सावली भिंतीला टेकून उभी होती. बाईंना बघताच ती सरळ झाली, हात दोन्ही बाजूंना, वर्गात उभी राहायची तशी.

"बाई," तिने विचारलं, "बरोबर आलं का?"

बाईंना रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही एकाच जागेवरून येत होतं. "बरोबर आहे" म्हणणं किती सोपं होतं. त्यांनी ते गिळलं.

"ते तुला माहीत," त्या म्हणाल्या.

सावली हलली नाही. पुढचं वाक्य ऐकायला ती तशीच उभी राहिली.